नामदार गोखले : शिक्षणासाठी सरकारला प्रश्न विचारणारा शिक्षक

लेखक : एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



आपल्या देशात सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. २००२ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन तो मूलभूत हक्क ठरला, २००९ साली त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. आज एखाद्या खासदाराला वाटले की शाळांना शिक्षक मिळत नाहीत, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर पोचत नाहीत किंवा मुलांना हाताला काम देणारे तांत्रिक शिक्षण मिळत नाही, तर तो लोकसभेत शिक्षणमंत्र्यांना प्रश्न विचारू शकतो. प्रश्नावर तारांकनाची खूण असेल तर मंत्र्यांना उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात.

हे सारे आज आपल्याला साधे वाटते. परंतु एक काळ असा होता की सरकारला प्रश्न विचारणे हीच मोठी गोष्ट होती. त्या काळात कोकणातून वर आलेल्या एका गरीब घरच्या मुलाने, पुढे शिक्षक झालेल्या गृहस्थाने, देशाच्या सर्वोच्च विधिमंडळात वर्षानुवर्षे एकच प्रश्न लावून धरला. आमच्या मुलांना शिक्षण केव्हा देणार, हा तो प्रश्न. त्या थोर पुरुषाचे नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले. महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून त्यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण ते शिक्षणासाठी कसे झगडले, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. म्हणून या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

बालपण व शिक्षण

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीस होते. घरची स्थिती बेताची. गोपाळ तेरा वर्षांचा असताना, १८७९ साली, वडील वारले. घरातला कर्ता पुरुष गेला म्हणजे शिकणाऱ्या मुलांचे काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या घरी पाहिले असेल.

थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घरच्या सगळ्या माणसांचे पोट भरावयाचे. याची जाणीव गोपाळला पुरती होती. तो पैपैचा हिशेब ठेवी, प्रसंगी स्वतःच्या खाण्यापिण्याला चाट देई. पुढे ज्याने हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकाची चिकित्सा केली, त्याला हिशेबाचे पहिले धडे या आठ रुपयांनी दिले असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१८८१ साली ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज असे करीत मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली वयाच्या अठराव्या वर्षी ते बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीची दारे उघडी असत. घरच्यांनी तशी अपेक्षा केली असती तर त्यात काही चूक नव्हते. परंतु गोपाळरावांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी पत्करली.

वीस वर्षांचे व्रत

१८८४ साली टिळक, आगरकर आदी मंडळींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवावयाचे, असा नियम होता. गोपाळराव १८८६ साली आजीव सभासद झाले. दरमहा पंच्याहत्तर रुपये वेतनावर त्यांनी उमेदीची वर्षे त्या संस्थेला दिली. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे जे विषय वाट्यास आले ते त्यांनी शिकविले. शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले; ते पुढे अनेक वर्षे शाळांतून चालले. सुट्टी लागली की कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव फिरून ते वर्गणी गोळा करीत. आपल्या संस्थेच्या उभारणीसाठी ज्यांनी दारोदार फिरून पावतीपुस्तके भरली आहेत, त्या ज्येष्ठांना हे काम किती कठीण असते ते सांगावयास नको.

याच काळात त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू लाभला. १८८७ पासून रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, गोपाळरावांनी त्यांच्या हाताखाली शिक्षण घेतले असेच म्हणावे लागेल. सरकारी अहवाल कसे वाचावेत, आकड्यांतून अर्थ कसा काढावा, अर्ज कसा लिहावा, हे सारे रानडे शिकवीत. लिहून आणलेला मजकूर पसंत पडला नाही तर तो पुन्हा लिहावा लागे. कॉलेजात जो प्राध्यापक होता तो रानड्यांच्या घरी विद्यार्थी होऊन बसे.

एक चूक आणि तिचा धडा

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोपाळराव विलायतेस गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ते कमिशन नेमले होते. या तरुण शिक्षकाने तेथे दिलेली साक्ष मोठमोठ्यांना थक्क करणारी ठरली. सरकार लष्करावर किती खर्च करते आणि शिक्षणावर किती, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

पण त्याच मुक्कामात त्यांच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. त्या वर्षी पुण्यात प्लेगची साथ होती आणि घरोघर तपासणी करणाऱ्या सोल्जरांच्या वर्तनाबद्दल लोकांत फार संताप होता. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे गोपाळरावांनी विलायतेत सोल्जरांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे येण्यास तयार होईना. जी गोष्ट सिद्ध करता येत नाही ती आपण बोललो, हे पाहून गोपाळरावांनी जाहीर माफी मागितली. सरकारपुढे नमले म्हणून स्वकीयांनी त्यांना फार बोल लावले. त्यांची अवहेलना झाली आणि काही काळ त्यांचे सार्वजनिक जीवन संपले असेच अनेकांना वाटले.

विद्यार्थी मित्रहो, माणूस चुकतो. चुकीनंतर तो काय करतो हे पाहावयाचे असते. गोपाळराव खचले नाहीत. पुढील आयुष्यात विधिमंडळात उभे राहताना त्यांनी आपला प्रत्येक आकडा पारखून घेतला. विरोधकांना त्यांची मते पटत नसत, पण त्यांचे आकडे खोडून काढणे सोपे नव्हते.

विधिमंडळात प्रवेश

१८९९ साली गोपाळराव मुंबई प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले. १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या, म्हणजे सबंध देशाच्या विधिमंडळात गेले आणि मृत्यूपर्यंत तेथे राहिले. त्यांच्या नावामागे नामदार ही पदवी लागली. त्याच वर्षी ते कॉलेजच्या सेवेतून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन दरमहा तीस रुपये!

त्या वेळच्या विधिमंडळाची कल्पना आज येणे कठीण आहे. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, परंतु तो आगाऊ लिहून द्यावा लागे आणि सरकारने दिलेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण मत देता येत नसे. उत्तर देणारे मंत्रीही लोकांनी निवडलेले नव्हते. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते आणि लोकांना जबाबदार नव्हते. १९०९ च्या कायद्याने ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याला उपप्रश्न विचारण्याची आणि सभासदांना ठराव मांडण्याची सवलत मिळाली. तरीही सर्वोच्च विधिमंडळात बहुमत सरकारी सभासदांचेच राहिले.

अशा सभागृहात एकटा माणूस काय करणार? गोपाळरावांनी अभ्यास केला. १९०२ सालच्या मार्च महिन्यात अंदाजपत्रकावर त्यांनी जे पहिले भाषण केले, त्यात सरकारी तिजोरीतील शिलकेचा अर्थ त्यांनी उलगडून दाखविला. सरकारजवळ पैसा उरतो म्हणजे प्रजा सुखी आहे असे नव्हे, तर जरुरीपेक्षा जास्त कर घेतला जातो, हे त्यांनी सिद्ध केले. मिठासारख्या गरिबाच्या गरजेच्या वस्तूवरील कर कमी करा, अशी मागणी केली. पुढे १९०३ पासून मिठावरील कर टप्प्याटप्प्याने उतरत गेला. आणि उरलेल्या पैशांचे काय करावे? प्राथमिक शिक्षण, उद्योगधंद्यांचे शिक्षण आणि आरोग्य यांवर तो खर्च करा, हे त्यांचे सांगणे वर्षामागून वर्ष चालू राहिले.

१९०७ च्या सुमारास सरकारने प्राथमिक शाळांतील फी माफ करण्याचा विचार बोलून दाखविला. प्रांतिक सरकारांची मते मागविण्यात आली आणि मग तो विचार मागे पडला. गोपाळरावांनी मात्र तो विसरू दिला नाही. सरकारने दिलेल्या शब्दाचे काय झाले, हे ते पुढे पुन्हा पुन्हा विचारीत राहिले.

सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक

त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात शंभर माणसांमागे दोन मुलेसुद्धा प्राथमिक शाळेत नव्हती. १९११ च्या खानेसुमारीत साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास भरले. पण देशातच एक वेगळे उदाहरण होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यात लागू केले. एका देशी संस्थानाला जे जमते ते बलाढ्य ब्रिटिश सरकारला का जमू नये, असा गोपाळरावांचा सवाल होता. मुंबईतही सर इब्राहिम रहिमतुल्ला व सर चिमणलाल सेटलवाड यांनी शहरापुरते सक्तीचे शिक्षण सुरू करावे म्हणून खटपट केली होती. त्यावर १९०६ साली नेमलेल्या समितीने लोकांची अजून तयारी नाही असा निर्वाळा दिला. हेच सर इब्राहिम पुढे मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले.

१८ मार्च १९१० रोजी गोपाळरावांनी विधिमंडळात ठराव मांडला. देशभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने सुरुवात करावी आणि त्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचे मंडळ नेमावे, अशी त्यात मागणी होती. सरकारने काळजीपूर्वक विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारात शिक्षणाचे स्वतंत्र खाते निघाले आणि सर हारकोर्ट बटलर हे त्याचे प्रमुख झाले. त्यामुळे शिक्षणाबद्दल नेमके कोणाला विचारावयाचे हे निदान ठरले.

आश्वासनावर स्वस्थ बसण्याचा गोपाळरावांचा स्वभाव नव्हता. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःचे विधेयक आणले. ते अतिशय सावधपणे तयार केलेले होते. सक्ती एकदम सर्व देशावर लादावयाची नव्हती. ज्या भागात आधीच पुरेशी मुले शाळेत जातात, तेथील नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने प्रांतिक सरकारच्या परवानगीने ती लागू करावयाची होती. प्रथम ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती राहील आणि मुलींचा विचार पुढे होईल. ज्या पालकांचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून कमी त्यांच्याकडून फी घ्यावयाची नाही. आजारपण, शाळेचे अंतर, शेतीचा हंगाम अशा कारणांसाठी सवलत होती. खर्चाचे दोन भाग सरकारने आणि एक भाग स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्यांची मागणी होती.

आपल्या समाजाच्या दृष्टीने यातील एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सक्ती आली तर आमच्या मुलांना परकी भाषा शिकावी लागेल आणि उर्दू मागे पडेल, अशी शंका त्या वेळी काही मुस्लिम पुढाऱ्यांनी घेतली. गोपाळरावांनी ती झटकून टाकली नाही. त्यांनी त्या समाजातील प्रमुख मंडळींशी चर्चा केली. एखाद्या शाळेत एका भाषेची पंचवीस मुले असतील तर त्यांना त्या भाषेतून शिकविण्याची सोय करावी, आणि त्याहून कमी असतील तर सक्ती स्वीकारावी की नाही हे त्या समाजानेच ठरवावे, अशी तरतूद मान्य करण्यास ते तयार झाले. अल्पसंख्य मुलांच्या भाषेचा प्रश्न त्यांनी शिक्षणाच्या आड येऊ दिला नाही आणि शिक्षणाच्या नावाखाली तो दडपलाही नाही. बॅ. महंमद अली जीना व बिहारचे बॅ. मझहरुल हक यांनी विधेयकाला पाठिंबा दिला.

याआधी १९०७ साली गोपाळराव अलीगढला गेले असता तेथील मुस्लिम विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती गाडी स्वतः ओढली होती, इतका त्यांच्याबद्दल तरुणांच्या मनात आदर होता.

अखेर १९१२ सालच्या मार्च महिन्यात विधेयक चर्चेस आले. सरकारचे म्हणणे असे की लोकांकडून तशी मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत आणि पैशाची अडचण आहे. काही धनिकांना व जमीनदारांनाही ते नको होते, कारण गरिबांची मुले शाळेत गेली तर कामाला माणसे कोठून मिळणार! गोपाळरावांनी एकेका आक्षेपाला उत्तर दिले. विधेयक निवड समितीकडे पाठवा, एवढीच त्यांची मागणी होती. १९ मार्च १९१२ रोजी मते घेण्यात आली. विरुद्ध अडतीस आणि बाजूने तेरा. विधेयक फेटाळले गेले.

पराभव होणार हे त्यांना ठाऊक होते. तरीही ते कडवट झाले नाहीत. आमच्या पिढीला अपयशानेच देशाची सेवा करावयाची आहे, यश पुढच्यांना मिळेल, अशी त्यांची धारणा होती.

अखेरची वर्षे

गोपाळरावांचे कार्य एवढ्यापुरते नव्हते. १९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथील हिंदी लोकांची गाऱ्हाणी त्यांनी जवळून पाहिली. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या कमिशनवर त्यांनी काम केले. १९१४ साली सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. मधुमेहाने शरीर पोखरले होते, तरी काम थांबले नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. राजकारणात ज्यांच्याशी जन्मभर मतभेद झाले, त्या लोकमान्य टिळकांनीही स्मशानात त्यांचा गौरव केला.

विधेयक पडले, पण मागणी थांबली नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. पुढे इतर प्रांतांतही कायदे झाले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व आले. पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांना स्वतंत्र देशाच्या संसदेत लोकप्रतिनिधींच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. तरीही मूलभूत हक्काचा कायदा अमलात येण्यास २०१० साल उजाडले. १९१० च्या ठरावापासून मोजले तर बरोबर शंभर वर्षे झाली.

आपण काय घ्यावे?

एक शिक्षक म्हणून मला गोपाळरावांच्या चरित्रातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी सरकारवर नुसती टीका केली नाही. आधी अहवाल वाचले, आकडे जमविले, आणि मग नेमका प्रश्न विचारला. उत्तर अपुरे मिळाले तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारला.

माझ्या अनुभवातील एक छोटी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील काही मुलांची शिष्यवृत्ती एका कचेरीत अडकून पडली. पालक शाळेत येत, हळहळत, आपल्या नशिबाला बोल लावीत आणि परत जात. मीही इतरांसारखा वाट पाहा म्हणून सांगत असे. त्यांतील एक विद्यार्थिनी घरकाम करणाऱ्या आईला घेऊन एके दिवशी माझ्याकडे आली. तिने वहीच्या कागदावर चार ओळी लिहून आणल्या होत्या. अर्ज कोणत्या तारखेला पोचला, तो कोणाकडे आहे, कोणता कागद कमी आहे आणि पैसे केव्हा मिळतील, एवढेच तिला विचारावयाचे होते. ते प्रश्न आम्ही रीतसर अर्जावर उतरवून पाठविले व पोच घेतली. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले. कमी असलेला दाखला जोडला आणि पैसे जमा झाले. मी तिला शिकवितो, पण त्या दिवशी ती मला शिकवून गेली.

तेव्हा पालकांना माझी नम्र विनंती आहे की, मुलगा नववीतून शाळा सोडण्याची भाषा बोलू लागला किंवा मुलीला आता पुरे असे घरात कोणी म्हणू लागले, तर गोविंदरावांच्या पंधरांतल्या आठ रुपयांची आठवण ठेवावी. शाळेच्या सभेला यावे. आम्हा शिक्षकांनाही प्रश्न विचारावेत. आम्ही राग मानणार नाही. निवडून दिलेल्या प्रतिनिधीला मत मागावयास येईल तेव्हा विचारावे की, आमच्या भागातील शाळेसाठी आणि तंत्रशिक्षणाच्या सोयीसाठी आपण सभागृहात कोणता प्रश्न मांडला? आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या त्या सभागृहात जाऊन बसेल, अशी मी आशा बाळगतो. तेथे उभे राहण्यापूर्वी आपले आकडे मात्र दोनदा तपासा.